मर्यादवेलीच्या अलीकडे

गप्प बसणाऱ्या माणसाला लोक चांगला समजतात. या गैरसमजावर माझी सगळी नोकरी आणि निम्मा संसार चालला. कुणी माझ्यापाशी दुसऱ्याची निंदा केली की मी मान हलवायचो, आणि त्या दुसऱ्यानं पहिल्याची केली तरी तीच मान तशीच हलवायचो. दोघंही म्हणायचे, माणूस मोठा समजूतदार. ऑफिसात माझं नाव मौनीबाबा पडलं. ते साहेबांनी ठेवलं. साहेबांनी ठेवलेलं नाव माणसाला पेन्शनपर्यंत पुरत असे.

आमचं खातं असं, की समुद्राचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून खाडीकाठी मातीचे बांध घालायचे, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधांना दारं ठेवायची. या दारांना आमच्याकडे उघाडी म्हणतात. आम्ही बांध घालायचो, समुद्र तो फोडायचा, आम्ही तो पुन्हा घालायचो. समुद्राचं आणि आमचं असं एकमेकांवर पोट होतं. साहेबांना यात विनोद दिसत नसे. हाताखालचा एखादा उर्मट, वरून वशिला असलेला माणूस असावा तसे ते समुद्राबद्दल बोलत. "त्याला लेखी कळवूनही उपयोग नाही," म्हणत. लेखीवर त्यांचा फार जीव. "नोंद आहे? नाही ना? मग घडलं नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी ते भटजींना ऐकवलं होतं.

निवृत्त झाल्यावर बाकीचे साहेब लोक काय करतात ते आपण बघतोच. सकाळी बागेत जाऊन घोळक्यानं हसतात, दुपारी सोसायटीच्या पाण्यावरून भांडतात आणि संध्याकाळी देशाचं काय होणार याची काळजी करतात. साहेबांनी पाच-सहा वर्षं हे सगळं प्रामाणिकपणे करून पाहिलं. मग एक दिवस उठले आणि पेणच्या एका गॅरेजवाल्याला धरून, वऱ्हाडं वाहून वाहून दमलेल्या एका मिनीबसचं त्यांनी घर करून घेतलं. आत एक खाट, समोर एक बाकडं, गॅसची शेगडी, भांडी घासायला एवढीशी मोरी, टपावर पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात संडास. संडासाचं दार साहेबांनी उघाडीच्या धर्तीवर बनवून घेतलं होतं. आतून ढकललं की उघडायचं, बाहेरून जितकं ढकलाल तितकं घट्ट मिटायचं. या शोधाचा त्यांना बांधलेल्या सगळ्या बांधांपेक्षा जास्त अभिमान होता, आणि तो रास्तही होता. बांध फुटले, दार टिकलं.

शहरात अशा गाडीला मोटरहोम म्हणतात आणि तिच्यासमोर उभं राहून कॉफी पितानाचे फोटो काढतात. साहेब तिला बिऱ्हाड म्हणत. "लोक घर सोडून फिरायला जातात, आणि हॉटेलात जाऊन घरच्यासारखं जेवण मागतात. त्यापेक्षा हे बरं."

या बिऱ्हाडातून आमचा सगळा किनारा वरून खालपर्यंत हिंडायचा, वाटेतले डोंगर चढायचे, आणि हरिहरेश्वरला जिथं खाडी समुद्राला मिळते आणि साहेबांची जुनी हद्द संपते तिथं जाऊन थांबायचं, असा बेत होता. साहेब त्याला सहल म्हणत नव्हते. शेवटची पाहणी म्हणत. मी बरोबर का गेलो? कारण त्यांच्या मुलीनं सांगितलं. ती नवी मुंबईत असते. तिच्यात नि माझ्यात वयाचं अंतर फार नाही, पण गप्प माणूस लवकर काका होतो.

"काका, तुम्ही जा ना बरोबर. दुसरं कुणी दोन दिवस टिकणार नाही त्यांच्यापाशी. आणि तुमची रजा साठलेलीच असेल."

साठलेली होती. मला कधी कुठं जायचंच नसे.

निघायच्या आधी तिनं माझ्यासमोर साहेबांना अट घातली. "बाबा, तुम्ही विसरायला लागलायत. परवा गॅस चालू ठेवून दूध आणायला गेलात. मी जाऊ देतेय, पण काही एक जरी गडबड झाली, तर गाडी विकायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. कायमचं."

"मान्य," साहेब म्हणाले. "लेखी देऊ?"

"नको. काका आहेत साक्षीला."

असा मी साक्षीदार झालो.

विसरण्याचं म्हणाल तर साहेब विसरत. चष्मा कपाळावर ठेवून मला शोधायला लावत. मला मधेच, कधीच वारलेल्या एका शिपायाच्या नावानं हाक मारत. पण हे ते नोकरीतही करत, फक्त तेव्हा त्याला कामाचा ताण म्हणायचे. आणि एक गोष्ट ते कधी विसरत नसत. रोज सकाळी दाढी करताना, आरशात बघत, हद्दीतल्या सगळ्या उघाड्यांची नावं ते उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणत. कोळंब्याची, वडाखालची, दोन तोंडांची, धाकटी, म्हसोबाची, बुडीत. लोक स्तोत्र म्हणतात तसं, एका दमात. शेवटचं नाव घेऊन झालं की फेस पुसत आणि माझ्याकडे असं बघत, की बघ, आहे अजून सगळं जागच्या जागी. मी मान हलवायचो.

तळा गावच्या बाजारात गाडी लावली, तर एक बाई सासूला हाताला धरून आत घेऊन आली.

"डोलं तपासायची गाडी हीच ना वो?"

मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत (मला त्याला वेळ लागतो) साहेबांनी म्हातारीला खाटेवर बसवलंसुद्धा. "आजी, समोरच्या दुकानाची पाटी दिसते?"

"दिसतंय की."

"वाचा बघू."

"मला कुठं वाचाया येतंय?"

"मग डोळे उत्तम आहेत. दोष शाळेचा आहे. चहा घेणार?"

म्हातारीनं बशीत ओतून चहा प्याला, खाट पाहिली, मोरी पाहिली, संडासाचं दार बाहेरून ढकलून पाहिलं आणि विचारलं, "डाक्टर, घरच्यांनी भायेर काडलान काय तुमाला?"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. संध्याकाळपर्यंत मला सांगत होते, "निदान पाहिलंस? याला म्हणतात तपासणी."

दुसऱ्या दिवशी तळगड चढलो. डोंगर चढताना साहेबांच्या पायांत ऑफिसातल्या चपला आणि हातात छत्री. कडक उन्हात, ढगाचा ठिपका नसताना, मिटलेली छत्री. काठी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "काठी म्हाताऱ्याची. छत्री अधिकाऱ्याची." वर भगभगीत वारा होता, चहूकडे डोंगर, खाली लांब चकाकणारी खाडी. पाठीवर सॅक लावलेली पोरं हात पसरून उभी राहून फोटो काढत होती. साहेबांनी छत्री खाडीकडे रोखली. "तो डाग दिसतो? तपकिरी? तिथं बांध गेलाय. गेल्या दोन पावसाळ्यांतला. कुणी पाहिलाही नसेल." मग त्या पोरांना बोलावून त्यांनी तो डाग दाखवला. पोरांनी त्याचाही फोटो काढला, काय समजून ते देव जाणे.

आमची सगळी प्रेक्षणीय स्थळं ही अशी. रस्त्याकडेला 'सुंदर देखावा' अशी पाटी दिसली की साहेब गाडीचं तोंड मुद्दाम उलटीकडे करून लावत, कारण देखावा समुद्राकडे असे आणि फुटका बांध जमिनीकडे. "समुद्र काय बघायचा? तो कुठंही तसाच असतो. त्यानं हात कुठं मारलाय ते बघ."

दुसरी खोड अशी, की साहेब कुणाच्या घरात शिरत नसत. म्हसळ्याला त्यांचे एक जुने स्नेही होते. कुवेतमध्ये वीसेक वर्षं काढून आलेले, दोन मजली घर, दारात संगमरवरी पायऱ्या. साहेबांनी त्या पायऱ्यांसमोर बिऱ्हाड उभं केलं आणि हॉर्न दिला.

"या, या साहेब! बिर्याणीला दम दिलाय. तुमच्यासाठीच थांबलोय."

"तुम्हीच या. आज जेवायला माझ्याकडे."

"साहेब, खुदा के वास्ते. एवढं घर आहे…"

"माझंही आहे. आयुष्यभर दौऱ्यावर लोकांच्या ओसरीवर जेवलो. एकालाही घरी बोलावता आलं नाही. सरकारी क्वार्टरमध्ये चार माणसं बसली की पाचव्यानं उभं राहायचं. आता घर दारापर्यंत आणलंय, तर नाही म्हणू नका. फेड आहे ही."

मग ते कुवेतवाले चाचा आणि त्यांची बेगम, दोघं आमच्या बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि साहेबांनी रांधलेला मऊ भात, तूप, मेतकूट जेवले. साहेबांना एवढं एकच रांधता येत असे. समोरच्या घरातून दमाचा वास येत होता. चाचा दर घासाला "माशाअल्ला" म्हणत होते. मी माझ्या ताटाकडे बघत होतो. निघताना चाचा खिडकीपाशी आले आणि हळूच एक डबा आत सरकवला.

"मौनीबाबा, तुमची तर काही कसम नाही ना? खावा. आणि बोलू नका."

त्यांनी योग्य माणूस निवडला होता.

गाडी नेहमी साहेबच चालवत. मला येत होती, लायसन होतं, पण चाकाला हात लावू देत नसत. याला एक जुनं कारण होतं. नोकरीला लागलो त्या वर्षी, उधाणाच्या दिवसांत, एका उघाडीच्या फळ्या पाडून दार बंद करायचं काम माझ्याकडे होतं. पलीकडच्या गावात क्रिकेटचे सामने होते. मी अंतिम सामना बघत बसलो आणि फळ्या राहिल्या. सकाळी गावाच्या भातात खारं पाणी उभं होतं. चौकशी झाली. साहेब वरच्यांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सूचना माझ्याकडून उशिरा गेली." त्यांची बढती त्यात अडकली ती अडकलीच. मी तिथंच, भिंतीला टेकून उभा होतो. काय केलं असेन? मान हलवली. त्या गोष्टीचा साहेबांनी पुन्हा कधी उल्लेख केला नाही. फक्त या सहलीत, मी एकदा "चालवू का थोडा वेळ?" म्हणालो तेव्हा म्हणाले, "तुझ्या हातात एकदा दार दिलं होतं. चाक नाही देणार."

हसून म्हणाले. मीही हसलो.

किनाऱ्यावर गाडी लावायची साहेबांची एक शिस्त होती. पुळणीच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिला मर्यादवेल म्हणतात. सरपटत समुद्राकडे जाते, पण भरतीचं पाणी जिथवर येतं तिथं थांबते. साहेबांचा तिच्यावर सरकारी मोजणीच्या दगडापेक्षा भरवसा. "वेलीच्या अलीकडे चाक. पलीकडे फक्त पाय." गाडी लावली की गिअर, मग हँडब्रेक, मग मागच्या चाकाखाली दगड. हा दगडही साधा नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त वेळा फुटलेल्या बांधाचा होता. निरोप समारंभात लोकांनी शाल-श्रीफळ दिलं, हे बांधावर जाऊन दगड घेऊन आले.

रविवारी किनाऱ्यावर शहरातल्या गाड्या फसत. फसतातच. ओली वाळू घट्ट दिसते, पोरं गाडी पाण्यापर्यंत नेतात, चाक बसतं, मग भरती येते आणि मग ट्रॅक्टर. साहेब वेलीच्या अलीकडे घडीची खुर्ची टाकून, चहाचा कप घेऊन हा कार्यक्रम पहिल्या रांगेतून बघत. "आज षष्ठी," पंचांगाला हात न लावता सांगत, "तिथीची पाऊणपट. साडेचारला पूर्ण भरती. यांच्याकडे तीन-तीन फोन आहेत, आणि एकालाही आज तिथी कोणती ते माहीत नाही." हे ते त्या फसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत.

आता ते सांगतो.

हरिहरेश्वर एका वळणावर राहिलं होतं. साहेबांनी वाटेतल्याच एका लहानशा किनाऱ्यावर गाडी लावली. मागे टेकडी होती, तिच्यावरून पुढची खाडी दिसते म्हणाले. आधी वरून बघायचं, मग खाली जाऊन पाहणी संपवायची. गिअर, हँडब्रेक, दगड. मला म्हणाले, "चल."

"गुडघा दुखतोय."

दुखत नव्हता. कंटाळा आला होता. ते छत्री घेऊन एकटेच चढायला लागले. मी टपरीवर चहा प्यालो आणि परत आलो.

दुपार कलत होती. पाणी लांब होतं. ऊन असं तिरकं आलेलं, ओली पुळण आरशासारखी, आणि माणूस नाही. फोन उघडला तर ऑफिसच्या ग्रुपवर कुणाचे काश्मीरचे फोटो, कुणाचे दुबईचे. मी आजवर त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या केकशिवाय काही पाठवलं नव्हतं. वाटलं, बिऱ्हाड जरा पुढे, पाण्यालगत उभं केलं आणि फोटो काढला, तर एकदा तरी लोक म्हणतील, अरे, मौनीबाबा!

दुसरी चावी तांदळाच्या डब्यात असे. मी चाकाखालचा दगड पायानं बाजूला सारला, वेलीवरून गाडी खाली घेतली, आरशासारख्या जागेवर उभी केली आणि उतरून फोटो काढला.

फोटो छान आला.

परत बसून गाडी मागे घ्यायला गेलो तर मागची चाकं जागच्या जागी फिरली. आणखी दाबलं, आणखी बसली. पंचवीस वर्षं त्या किनाऱ्यावर नोकरी केलेला माणूस मी. हीच चूक करणाऱ्यांना हसताना मी साहेबांच्या शेजारीच बसलेलो असायचो. चावी डब्यात ठेवली. फोटो पुसून टाकला. एवढं शहाणपण मात्र वेळेवर सुचलं. मग सुरूच्या झाडाखाली जाऊन बसलो आणि काय सांगायचं ते मनाशी जुळवू लागलो. सगळं सांगायचं, असंच ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

साहेब टेकडीवरून उतरले ते खुशीत होते. "दिसली! शेवटची उघाडी दिसली. शाबूत आहे. चल, उजेड आहे तोवर…" आणि थांबले.

गाडीकडे बघितलं. मग गाडी जिथं लावली होती त्या जागेकडे. मग वेलीत पडलेल्या दगडाकडे. पाणी एव्हाना पुढच्या चाकांपाशी येऊन चाचपडत होतं.

"दगड लावला नाही मी," ते म्हणाले.

मी उभा राहिलो.

"हँडब्रेक? हँडब्रेक ओढला होता ना रे मी? घरंगळली ती." माझ्याकडे वळले. "तू कुठं होतास?"

"चहाला गेलो होतो."

खरं होतं ते. त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या खोट्यांत तेवढंच एक खरं, आणि तेच सगळ्यात नीच. साहेबांनी छत्री वाळूत रोवली, गाडीत जाऊन बसले. हँडब्रेक खाली होता, खालीच असणार. त्यांनीही चाकं फिरवून पाहिली. माझे खड्डे त्यांच्या खड्ड्यांत मिसळून गेले.

ट्रॅक्टरवाला आला तो साखळी खांद्यावर टाकूनच. मागे गावातली चार माणसं, हा कार्यक्रम बघायला. ट्रॅक्टरवाल्यानं साहेबांना वरून खालून पाहिलं.

"आवो, साहेब तुमी? वलीखलं न्हाय काय मला? बांधावरून बैलगाडी नेली म्हणून माझ्या बापाला भर गावात झाडला होतात तुमी!"

"हो," साहेब म्हणाले.

"आनि आज तुमीच? रविवारचं पुण्यावालं फसत्यात, त्ये ठीक हाय. त्यांस्नी काय कलतंय. पन तुमी?" तो मागच्यांकडे वळला. "खारलँडचं साहेब हायेत ह्ये. समुद्राला दम द्यायचं!"

लोक हसले. मोकळं, बिनविषारी हसले. बघायची पाळी साहेबांची असती तर तेही असेच हसले असते. मी त्या हसण्यात उभा होतो. तोंड उघडलं असतं तर सगळी माझ्याकडे वळली असती, दोन मिनिटं हसली असती आणि झालं असतं. दोन मिनिटांचा प्रश्न होता.

साहेब नुसते म्हणाले, "वय झालं बाबा. साखळी मागून लाव."

गाडी निघाली. पोटापर्यंत भिजलेली, ठिबकत, मर्यादवेल चिरडत वर आली. मी म्हटलं, "साहेब, एवढं आलोय तर… एकच वळण आहे. उद्या जाऊन येऊ." ते वेलीत गेले. दगड उचलला, वाळू पुसली, चाकाखाली लावला. मग वाकून तो लागलाय का ते पाहिलं. उभे राहिले आणि पुन्हा वाकून पाहिलं. मग फोन काढून त्यांनी स्वतःच मुलीला लावला. मी लावायची गरज पडली नाही.

"अट आठवते का? हं. झाली गडबड. नाही, लागलं कुणाला नाही. मीच. दगड लावायला विसरलो. येतो मी."

तिथूनच परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांनी उघाड्यांची नावं म्हटली. कोळंब्याची, वडाखालची, दोन तोंडांची. धाकटी. मग आरशातून माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर?"

हे त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं.

गाडी विकली गेली. कुणा तरुण जोडप्यानं घेतली म्हणे, आणि पहिलं काय केलं तर संडासाचं दार बदललं.

पुढे वर्षभर मी साहेबांकडे गेलो नाही. कामं होती, असं मी बायकोला सांगितलं, आणि तिनं मान हलवली. एका घरात राहून माणसं एकमेकांचं उचलतात. शेवटी गेलो. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, काचेतून लांब खाडीचा एक तुकडा दिसतो. मुलगी कामावर गेलेली. साहेब वाळले होते. चहा त्यांनीच केला, पण गॅस बंद केल्यावर मला म्हणाले, "जरा बघ रे, बंद झालाय ना?" खिडकीत उभे राहून म्हणाले, "आज चतुर्थी. तीनला भरती. बरोबर? फोनमध्ये बघ." मी बघितलं. बरोबर होतं. त्यांना हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं मला बघवेना.

मग मी सांगितलं. सगळं, क्रमानं, त्यांना आवडायचं तसं. गुडघा, टपरी, फोटो, तांदळाचा डबा, दगड. इतकं सलग मी जन्मात बोललो नव्हतो. 

साहेब ऐकत होते. संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. मग हसले. पूर्वीसारखे.

"कुठाय फोटो?"

"पुसून टाकला."

"म्हणजे नोंद नाही."

"नाही. पण साहेब…"

"नोंद नाही, म्हणजे घडलं नाही." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "मौनीबाबा, इतक्या वर्षांनी तोंड उघडलंस, आणि ते खोटं बोलायला? त्या फळ्यांचं फेडतोस होय? अरे, मी तेव्हा तुझं अंगावर घेतलं म्हणून तू आता माझं घ्यायचं, असा काही नियम आहे का? ते केव्हाच मिटलं."

"साहेब, शपथेवर सांगतो."

"मुलीनं पाठवलं का तुला? मला बरं वाटावं म्हणून?" आणि त्यांचे डोळे भरले. "चांगला आहेस. पहिल्यापासून म्हणतो मी, हा पोरगा बोलत नाही पण चांगला आहे."

यावर काय बोलायचं असतं ते मला माहीत नाही. बोलणाऱ्या माणसांना माहीत असेल. मी मात्र पुन्हा एकदा सांगून बघितलं, आणि जितकं पटवून सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत आणखी चांगला होत गेलो. शेवटी थांबलो.

ते लिफ्टपर्यंत सोडायला आले. फ्लॅटचं दार वाऱ्यानं मिटून आपण बाहेर अडकू नये म्हणून त्यांनी दारात तो दगड लावला होता. माझी लिफ्ट आली तसे ते परतले, वाकून दगड उचलला, आत नेला आणि दार लावून घेतलं. मी लिफ्टमध्ये शिरतोय तोच दार पुन्हा उघडलं.

"अरे, दगड आत घेतला ना मी?"

"घेतलात, साहेब."

"नक्की?"

"नक्की. मी बघत होतो."

एवढ्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला. त्यांनी मान हलवली आणि दार मिटलं.